भिवंडीची दुर्बीण

भिवंडीला मुद्दाम कोणी जात नाही, भिवंडीवरून जातात. नाशिकला निघालेले लोक मानकोलीची गोदामे पाहत आणि पुढच्या ट्रकला लाखोली वाहत गाव बाजूला टाकतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत अंग शेकायला निघालेली मंडळी वंजारपट्टी नाक्यावर चहा घेतात आणि सटकतात. आपल्या प्रवासवर्णनांत हॉलंड येते, व्हेनिस येते, भिवंडी येत नाही. माझी अडचण अशी की, मला ही तिन्ही गावे एकदमच आठवतात. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

भिवंडी हे माझे आजोळ. माझे धाकटे मामा तिथल्या एका कापडाच्या पेढीवर मेहता होते. यंदा श्रावणात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, म्हणून समाचाराला गेलो. ठाण्याहून निघाले की बाळकुमनंतर कशेळीचा पूल लागतो. खाली खाडी. पुलावर गाडी थांबली तर (आणि ती थांबतेच) पाण्याकडे बघत बसावे. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि या खाडीच्या आसऱ्याने मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधायला काढली. भिवंडी त्या काळचे बंदर! आज पूल ओलांडला की काल्हेरपासून नुसती गोदामे. पूर्वी गलबतांतून उतरणारा माल आता कंटेनरमधून उतरतो, एवढाच फरक.

अंजूरफाटा मागे पडला की आवाज सुरू होतो. खटखट, खटखट, खटखट. यंत्रमागाचा हा आवाज म्हणजे भिवंडीचा श्वास. नव्या माणसाचे डोके उठते. तिथल्या माणसाला तो बंद झाला की जाग येते. उत्तरेतून पोटामागे आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आणि त्यांच्यात मिसळलेले आपले मराठी लोक, अशा सगळ्यांनी मिळून हा आवाज उभा केला. या खेपेला तो मला विरळ वाटला. कितीतरी साचे भंगारात गेले, असे मामी म्हणाली.

मामा ओसरीवर काळा चष्मा लावून बसले होते. मी पायांवर डोके ठेवले, तर हाताने चाचपून म्हणाले, "कोण, अवकाशवीर आले का?" वयाची ऐंशी उलटली तरी थट्टेची सवय गेलेली नाही. मग उशाखालून एक पितळी वस्तू काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती पाहिली आणि चाळीस वर्षे मागे गेलो.

ज्यांनी कापडाचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी या वस्तूची ओळख करून देतो. बाजारात तिला पिकग्लास म्हणतात. तीन पितळी पाने, बिजागरीने जोडलेली. मिटली की काड्यापेटीहून लहान. उघडून कापडावर ठेवली की खालच्या पानात बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वरच्या पानात भिंग. त्या खिडकीत दिसणारे आडवे धागे मोजायचे. आडवा धागा म्हणजे पीक. एका इंचात किती पिके बसली यावर कापडाचा कस ठरतो, सूत किती लागले ते ठरते आणि विणणावळही ठरते. दोन पिकांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण हजार तागे असले की तोच फरक पेढीला दिसतो. म्हणून भिवंडीत मेहत्याच्या खिशात एक वेळ पैसे नसतील, पिकग्लास असते.

तेच भिंग १९८५ च्या दिवाळीत आमच्या दुर्बिणीत बसले होते.

त्या साली हॅलेचा धूमकेतू येत होता. पुढच्या फेब्रुवारीच्या ९ तारखेला तो सूर्याला वळसा घालणार होता, आणि नोव्हेंबरच्या मध्याला तो कृत्तिकांजवळ असेल असे वर्तमानपत्रांत आले होते. मी बारा वर्षांचा. दिवाळीच्या सुटीत मामांकडे गेलो तो कात्रणांची वही घेऊनच. साध्या डोळ्यांना तो अजून दिसत नव्हता, दुर्बीण हवी होती. मामांनी विचारले, "केवढ्याला मिळते?" मी मुंबईच्या दुकानात ऐकलेली किंमत सांगितली. मामा काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ती विकत घेणाऱ्यांची झाली. आधी ज्याने केली त्याने कुठून विकत घेतली होती?"

हा प्रश्न त्यांनी सहज टाकला होता. पण दुर्बिणीचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे, हे मला पुढे वाचन झाल्यावर कळले.

आपल्याला शाळेत दुर्बीण म्हटली की गॅलिलिओ शिकवतात. पण गॅलिलिओच्या आधी ती एका चष्मेवाल्याच्या दुकानात जन्मली. हॉलंडच्या नैर्ऋत्येला मिडलबर्ग नावाचे गाव आहे. तेही भिवंडीसारखेच बंदराचे, व्यापाराचे गाव. इटालियन कारागिरांच्या हाताखाली तिथे काचेचा कारखाना चाले. त्या गावात हान्स लिपरशे नावाचा चष्मे करणारा राहत होता. १६०८ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेला त्याचा अर्ज हेग शहरी डच सरकारच्या सभेपुढे आला: लांबचे जवळ दाखवणारे यंत्र मी केले आहे, त्याचा एकाधिकार मला द्यावा.

सरकारने काय केले? व्यवहारी माणसे ती. आधी माल तपासला. राजपुत्र मॉरिसच्या वाड्याच्या बुरुजावर यंत्र नेले. तिथून डेल्फ्टच्या मनोऱ्यावरचे घड्याळ आणि लायडनच्या देवळाच्या खिडक्या दिसल्या. त्या वेळी स्पेनशी तहाची बोलणी चालू होती आणि शत्रूचा सेनापती स्पिनोला हेगमध्येच पाहुणा होता. यंत्र पाहून तो म्हणाला की, आता मी काही सुरक्षित नाही, तुम्ही मला लांबूनच हेराल. त्यावर मॉरिसच्या धाकट्या भावाने त्याची समजूत घातली, की तुमच्यावर गोळी झाडू नका असे आम्ही आमच्या लोकांना सांगून ठेवू! ही हकीकत ज्या बातमीपत्रात छापली गेली त्याची मुख्य बातमी दुर्बिणीची नव्हतीच. सयामच्या राजाचे वकील हेगला आले होते, त्यांची होती. शेवटच्या पानांवर, जागा उरली म्हणून म्हणा, दुर्बीण आली. उघड्या डोळ्यांना न दिसणारे तारेही तिच्यातून दिसतात, असे एक वाक्य त्यात जाता जाता घातलेले आहे.

लिपरशेला एकाधिकार मिळाला नाही. काही दिवसांतच अल्कमारच्या याकोब मेटियसचा तसाच अर्ज आला. इतरांनाही ही कला येते असे कानांवर आले. दोन काचा आणि एक नळी, यात लपवायचे काय? सभेने त्याच्याकडून दोन्ही डोळ्यांनी पाहायची यंत्रे करवून घेतली, एकूण ९०० गिल्डर मोजले आणि हक्क नाकारला. पुढे त्याच गावचा झखारियास यान्सेन हाच खरा शोधक, असा दावा त्याच्या मुलाने केला आणि १६५५ साली पिएर बोरेल याने तो पुस्तकात छापला. पण मुलाने जे १५९० साल सांगितले त्या साली बाप स्वतःच पाचसहा वर्षांचा होता. दुकानात खेळणाऱ्या पोरांनी दोन भिंगे एकापुढे एक धरली आणि त्यांना देवळावरचा वातकुक्कुट जवळ दिसला, अशीही एक दंतकथा आहे. खरे-खोटे देव जाणे. खरे एवढेच, की १६०९ च्या उन्हाळ्यात ही बातमी गॅलिलिओपर्यंत पोहोचली आणि त्याने स्वतः भिंगे घासून आधी आठपट आणि मग वीसपट दाखवणारी दुर्बीण केली. व्हेनिसच्या सरदारांना त्याने मनोऱ्यावर नेऊन समुद्रातली जहाजे उघड्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी दाखवली. आकाश नंतर आले. आधी आली ती जहाजे आणि लढाई. आपल्याकडे 'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. वस्तू व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आली. १६५१ साली सुरतेला जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला. म्हणजे भिवंडीच्या खाडीत महाराजांची जहाजे उभी राहण्याआधी सहाच वर्षे.

पण मामांच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या दिवाळीत आम्ही दुर्बीण करायला बसलो. तीन बत्तीजवळ एक चष्मेवाले चाचा होते. आदल्याच वर्षी, मे १९८४ मध्ये, गावाने भयंकर दंगल पाहिली होती. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की लोक दारे लावून घेत, आणि या गल्लीतून त्या गल्लीत जाताना मामीचा जीव खालीवर होई. मामा मला हाताला धरून चाचांकडे घेऊन गेले. चाचांनी सगळे ऐकून घेतले आणि एक नंबरचे, न कापलेले, वाटोळे भिंग कागदात गुंडाळून दिले. मामांनी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "पहले चांद दिखाओ."

एक नंबरच्या भिंगाचे केंद्र एक मीटरवर असते. ते नळीच्या पुढच्या तोंडाला लावायचे. लांबच्या वस्तूचे चिमुकले चित्र ते मीटरभर मागे, नळीत पाडते. ते चित्र दुसऱ्या भिंगाने मोठे करून पाहायचे. दुर्बीण म्हणजे इतकेच. लिपरशे आणि गॅलिलिओ मागे खोलगट भिंग लावत, त्यातून चित्र सुलटे दिसे. केप्लरने १६११ साली मागेही फुगीर भिंग सुचवले. चित्र उलटे, पण पाहायची खिडकी मोठी. आमच्याकडे मागचे भिंग कोणते? मामांनी खिशात हात घातला आणि पिकग्लास काढली. तिचे केंद्र पाच सेंटिमीटरवर. मीटरभराला पाच सेंटिमीटरने भागा: वीस. गॅलिलिओइतकीच वीसपट! नळी पुठ्ठ्याची, आणि मागचे भिंग बसवायला सुताचा रिकामा कागदी कोन कापून घेतला. भिवंडीत रिकाम्या कोनांना तोटा नाही.

रात्री गच्चीवर गेलो आणि माझी घोर निराशा झाली. चंद्राची कोर दिसली खरी, पण भोवती निळीजांभळी झालर आणि मधे दुधात कालवल्यासारखे सगळे पुसट. मी रडकुंडीला आलो. मामांनी बराच वेळ डोळा लावला. मग खाली गेले, दिवाळीच्या मिठाईचा खोका घेऊन आले, त्यावर रुपयाचे नाणे ठेवून पेन्सिलीने गोल काढला, तेवढे भोक पाडले आणि तो पुठ्ठा पुढच्या भिंगावर झाकणासारखा बसवला.

मी ओरडलो, "अहो मामा, त्यानं उजेड कमी होईल!"

"होऊ दे. पिकं मोजताना काय करतो? एक इंच उघडा ठेवतो, बाकीचं झाकतो. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच मोजता येत नाही."

मी पुन्हा डोळा लावला. झालर जवळजवळ गेली होती. कोरीच्या आतल्या कडेला खड्डे दिसत होते. प्रत्येक खड्ड्याच्या एका अंगाला काळी सावली.

वाचकहो, ही बढाई नव्हे. पुढे २००८ साली, दुर्बिणीला चारशे वर्षे होत असताना, रॉल्फ विलाख या स्विस अभ्यासकाने जुनी भिंगे तपासून एक विचार मांडला. चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीत होते. मग दोन भिंगे एकापुढे एक धरायला माणसाला तीनशे वर्षे का लागली? कोणी धरली नसतील असे नाही. पण त्या काळी चष्म्याची काच मधोमध बरी घासलेली असे आणि कडेकडेला बिघडलेली. चष्म्याला ते चाले, कारण डोळ्याची बाहुली एका वेळी काचेचा लहानसा भागच वापरते. दुर्बिणीत मात्र सगळी काच एकदम काम करते आणि कडेच्या चुका मोठ्या होऊन सगळे चित्र नासवतात. विलाख म्हणतो, लिपरशेने केले ते हेच असावे: पुढच्या भिंगावर भोकाचे झाकण ठेवले, उजेडाचा मोठा भाग टाकून दिला आणि उरलेल्या थोड्या उजेडात त्याला चित्र सापडले. सगळ्या अभ्यासकांनी हे मान्य केले आहे असे मी म्हणत नाही. पण मी वाचले तेव्हा मला मिडलबर्ग दिसले नाही, भिवंडीची गच्ची आणि मिठाईचा खोका दिसला.

आणखी एक गंमत सांगतो. हेगच्या बुरुजावरून ज्या डेल्फ्टचे घड्याळ दिसले, त्याच डेल्फ्टमध्ये पुढे १६३२ साली लेव्हेनहूक जन्मला. त्याने भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले, ते जगात प्रथम. धंद्याने तो कोण होता? कापडाचा व्यापारी!

त्या आठवड्यात आमच्या गच्चीला जत्रेचे रूप आले. शेजारच्या बायका आल्या, साचेवाले कामगार आले, पद्मशाल्यांची मुले आली. शब्द दिल्याप्रमाणे चाचांना बोलावले. रात्र झाली होती. मामा त्यांना आणायला गेले आणि सोडायलाही गेले. चाचांनी आधी चंद्र पाहिला, मग त्याच्याजवळ नैर्ऋत्येला चमकणारा गुरू पाहिला. गुरूच्या दोन बाजूंना एका रेषेत बारीक टिंबे होती. "ये उसके बच्चे हैं?" त्यांनी विचारले. गॅलिलिओने १६१० च्या ७ जानेवारीला हीच टिंबे पाहिली, आणि सगळेच पृथ्वीभोवती फिरत नाही हा पुरावा जगाला मिळाला. धूमकेतू मात्र आम्हाला दिसला नाही. रुपयाएवढ्या भोकातून येणाऱ्या उजेडात तो अंधुक कापूस सापडणे कठीणच होते. मला त्याचे वाईटही वाटले नाही.

पुढे मी शिक्षणासाठी पुण्याला गेलो. तिथे १८८८ साली कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली, आणि तिच्यातली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाचा आवाज ऐकतात. हे सगळे मी पाहिले, वाचले, मुलांना शिकवलेही. पण वर्गात दुर्बिणीचा धडा आला की मी नेहमी मिठाईचा खोका घेऊन जात असे.

तर यंदा श्रावणात ती पिकग्लास माझ्या तळहातावर होती. पितळेच्या कडेला अजून चाळीस वर्षांपूर्वीचा डिंक, कागदी कोनाचा एक हिरवट तुकडा चिकटलेला. मामांचा डोळा लागला, तेव्हा मी मामीला सहज म्हणालो, "हा डिंक मामांनी काढला कसा नाही?"

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या भिंगापायी तीन महिने पगार कापून घेतला ह्यांचा. ते काय विसरायचंय?"

मला काही कळेना. मग तिने सांगितले. लाभपंचमीनंतर बाजार उघडला त्या सकाळी मामा पिकग्लास काढून घ्यायला गच्चीवर आले होते. मी म्हणालो होतो, "मामा, आजची एकच रात्र राहू दे." मला हे वाक्य आठवत होते. त्यापुढचे काही ठाऊक नव्हते. मामा तसेच पेढीवर गेले. दुसऱ्याची मागावी तर मेहत्याने भिंग मागणे म्हणजे न्हाव्याने वस्तरा मागणे. लाज वाटली असेल. अनुभवाचा हात आणि नजर यांवर भरवसा ठेवून त्यांनी माल पास केला. बावन्न पिकांचा म्हणून गेलेला माल अठ्ठेचाळीस पिकांचा निघाला आणि परत आला. मालकाने नुकसान पगारातून वळते केले. त्या वर्षी मामीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

"मला कोणी बोललं कसं नाही?"

"तू बारा वर्षांचा. ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोराला चंद्र दिसलाय, त्यात हे कशाला दाखवायचं?"

मी काय बोलणार? चाळीस वर्षे ती हकीकत मी हसत हसत सांगत आलो होतो. वर्गात सांगितली, लग्नकार्यांत सांगितली. त्या चित्राचा एवढा भाग मामांनी झाकून ठेवला होता, आणि मला वाटे की मी सगळे पाहिले.

संध्याकाळी मामा उठले. डोळ्यात आता काचेसारखेच कृत्रिम भिंग बसले आहे, नजर सुधारते आहे. मी पाटल्यांचा विषय काढला. त्यांनी मामीकडे रागाने पाहिले आणि मला म्हणाले, "चार पिकं चुकली रे. माझी चुकली, तुझी नाही. ते भिंग इकडे आण. आता कसं दिसतं ते बघू."

त्यांनी धोतराचा सोगा मांडीवर पसरला, पिकग्लास उघडून ठेवली, वाकले आणि नखाने एकेक धागा मागे टाकत मोजू लागले. शेजारच्या गाळ्यात साचा चालू होता. मामांचे ओठ त्याच्या तालावर हलत होते. मी मधे बोललो नाही. मोजणी चुकली असती.